चार तुंबे

पुन्ता अरेनासमध्ये वारा सुटला की
चौकात दोर बांधतात, माणसांनी धरून चालावं म्हणून.
आज दोर बांधलेत.
शाळा दुपारीच सोडली. कार्यशाळेत मी एकटी,
चहा गार, पुढ्यात तक्ता.

रकाने सहा. नियोजन, हत्यारांचा वापर, सुरक्षितता,
सहकार्य, नावीन्य, अंतिम वस्तू.
गुण एक ते सात, चारला पास.
शुक्रवारपर्यंत कार्यालयात,
दशांश चिन्हासकट.

औरेलियोचा दिवा लागतो.
कडा अशा, की बोट कुठं अडत नाही.
"हे भोक इथंच का पाडलंस?" विचारलं,
तर त्यानं दिव्याकडे पाहिलं,
जणू उत्तर तोच देईल.
(काकाचं गॅरेज आहे, हे मागाहून कळलं.)
त्याचे रकाने पाच मिनिटांत भरून झाले.

मिलेन्का बारीआचं वारा मोजायचं यंत्र
प्रदर्शनात फिरलं नाही.
कुणाच्या तरी वडिलांनी फुंकर मारून पाहिली,
दोघंतिघं हसले.
ती हसली नाही, रडलीही नाही.
ॲप्रनच्या खिशातून कानस काढून
तिथंच, पाहुण्यांच्या पायांत बसून, आस घासत राहिली.

अंतिम वस्तू: दोन.
लिहिलं, आणि पेन तसंच धरून बसले.

मग उठून कचऱ्याची पेटी उलटी केली.

भुशातून निघाले चार तुंबे, लेंगाच्या लाकडाचे,
मुठीएवढे. धूळ झटकून ओळीनं मांडले.
पहिल्याचं भोक तिरकं, एका दमात पाडलेलं,
पलीकडून ढलपा उडालाय.
दुसऱ्याचं सरळ, पण लाकडाची रेघ पाहिली नाही,
उभा तडकलाय.
तिसऱ्यात रेघ सांभाळली. भोकात आस मात्र लटपटतो,
कागदाची चकती चिकटवून पाहिलीय, दोनदा.
चौथा बरोबर आहे.
चौथा इतका बरोबर आहे की आस त्यात अडकून बसलाय,
आणि बाजूला पेन्सिलीनं, बारीक अक्षरात:
"ओला होता. वाळला की आवळतो."

हे मी शिकवलं नव्हतं.
शिकवणार होते, जूनमध्ये.

आणि मंगळवारी तिनं धाकट्या नेहुएनला
गिरमिट नाही, नुसतं मनगट धरून सांगितलं होतं,
"आरपार जाऊ नकोस. टोक दिसलं की थांब,
उलटं कर, पलीकडून ये."
मी पाठमोरी होते, करवतीला धार लावत.
ऐकलं, आणि धार लावत राहिले.
हात बसतो म्हणतात, तो असा बसताना ऐकू येतो कधीकधी.
त्याला रकाना नाही. सहकार्यात घालू?

माझे वडील सामुद्रधुनीच्या काठी होड्या बांधायचे.
सांध्यावरून अंगठा फिरवायचे, डोळे मिटून.
चांगलं झालं असं कधी म्हणाले नाहीत,
वाईट झालं तर फळी जळणात.
मी तेरा वर्षांची असताना एकदा
अंगठा फिरवून झाला, डोळे उघडले,
आणि काही न बोलता पुढची फळी माझ्याकडे सरकवली.
तळाची. पाण्याखाली जाणारी.
एवढंच माझं प्रगतिपुस्तक.

सकाळी वारा पडला होता, दोर लोंबत होते.
मिलेन्काला म्हटलं, तूच सांग, किती द्यावेत?
"तीन."
चार नाहीत?
"फिरत नाही ना ते," म्हणाली, जरा चिडूनच,
मला एवढंही कळू नये म्हणून.
मग टेबलावरचे तुंबे दिसले तिला.
कानापर्यंत लाल झाली.
"ते टाकून दिले होते मी."
माहीत आहे, म्हटलं.

तक्ता शुक्रवारी गेला. आकडा कुठला, ते सांगत नाही;
मुख्याध्यापिका बाईंनी त्याबद्दल बोलावलंय सोमवारी.
तुंबे पिशवीत घालून नेणार आहे.

त्या सकाळी मात्र शेगडीवरच्या फळीवरून
एक ठोकळा काढला, दोन हिवाळे वाळलेला,
कुणासाठी राखलाय ते मलाही माहीत नव्हतं.
तिच्याकडे सरकवला.
तिनं तो उचलला, वास घेतला,
कानाशी धरला,
आणि नखानं वाजवून पाहिला.