धडा दुसरा, वय त्रेसष्ट

मंगळवारी सहाला दुकानाचं शटर ओढते,
बादल्यांतलं पाणी तसंच राहू देते
आणि अग्निशामक दलाच्या वरच्या मजल्यावर जाते.
फ्राउ लीबेट्राउंनी फळ्यावर तीन रकाने आखलेले असतात:
देर, दी, दास.
तो, ती, ते.

हायफाँगहून गेराला येऊन छत्तीस वर्षं झाली.
आधी कापडगिरणी. मग भिंत पडली, गिरणीही पडली,
मग फुलांचं दुकान.
भाषा लापकडे होती.
कचेऱ्या, डॉक्टर, घरमालक हे त्याचं खातं,
माझ्याकडे काटे, पाकळ्या आणि किंमत.
रोझे दोन युरो. टुल्पे ऐंशी सेंट.
एवढ्यावर संसार होतो,
विश्वास ठेवा.

बाकावर शेजारी एकोणीस वर्षांचा यारोस्लाव.
त्याला सगळं एका आठवड्यात येतं
आणि पुढच्या आठवड्यात जातं.
चमचा तो. काटा ती. सुरी ते.
आणि मुलगी?
मुलगी ते.
"का?" मी विचारलं.
फ्राउ लीबेट्राउंनी खांदे उडवले. "पाठ करा."

आमच्याकडे चमच्याला लिंग नसतं,
पण माणसाला नात्याशिवाय तोंड उघडता येत नाही.
'मी' असा सुटा मिळत नाही तिथे.
लापसमोर मी धाकटी, लेकासमोर आई,
बाजारात कुणाची ताई, कुणाची मावशी.
इथे सगळ्यांपुढे एकच: इश.
लाजल्यासारखा आवाज,
आणि लाजायला समोर कुणी नाही.
इश हाइसे थोआ.
इश बिन विट्वे, मी विधवा आहे.
दोन्ही वाक्यं बरोबर आली.

पुष्पचक्रांवरच्या रिबनी मीच रंगवायची.
गिऱ्हाईक चिठ्ठी देई, मी अक्षरं बघून काढी,
गिरणीत नक्षी उतरवायचे तशी.
लापच्या वेळी चिठ्ठी देणारं कुणी नव्हतं.
डब्यातल्या जुन्या चिठ्ठ्यांमधली सगळ्यांत लांब निवडली,
अक्षरं डौलदार होती,
सोनेरी शाईचा थेंब न सांडता उतरवली.
मागच्या मंगळवारी ती वर्गात नेली.
फ्राउ लीबेट्राउंनी चष्मा वर केला, मग खाली.
"अखेरचा नमस्कार," त्यांनी वाचलं,
"तुझे बोलिंग क्लबातले मित्र."

लापनं जन्मात तो चेंडू उचलला नव्हता.
आधी यारोस्लाव हसला, मग घाबरला,
मग मी हसले ते आवरेचना,
कुणीतरी कागदी रुमालांचा अख्खा पुडा पुढे सरकवला.

आज लांब शब्द तोडायचे होते.
मी म्हटलं, फेरगिसमाइननिश्त.
निळं, बारीक, मे महिन्यात खोक्यांनी खपणारं.
त्यांनी खडूनं दोन रेघा मारल्या, तीन तुकडे पडले.
विसर, माझा, नको.

"माझा काय?" मी म्हणाले. "माझा भाऊ? माझा रुमाल?
धडा दुसरा: माइनच्या पुढे काहीतरी लागतं."
"काही नाही लागत. माझा विसर नको.
जुनी तऱ्हा आहे, आता असं कुणी बोलत नाही."
बोलत नाही कशी?
तीस वर्षं दर मे महिन्यात
मी हेच तर ओरडत होते,
नव्वद सेंटला एक कुंडी.

घरी येऊन लापची वही काढली.
बँकेला, नगरपालिकेला पाठवलेल्या पत्रांचे कच्चे खर्डे.
पहिल्याच ओळीत: देर ब्लूमे.
पान उलटलं, दास ब्लूमे.
एका जागी तर दोन्ही, मध्ये तिरकी रेघ,
कुठलंतरी लागू पडेल म्हणून.

अरे लबाडा!
काय रुबाबात फोनवर बोलायचास,
आणि मी बादल्या उचलताना मान ताठ करायची.
ती असते रे. फूल इथे ती असते.

पेन्सिल घेतली. त्याचं काही खोडलं नाही,
समासात बारीक लिहिलं: दी.
आणि खाली, सवयीनं,
धाकटी.