दुसरी खुर्ची

चुन्याच्या रेघा मारायला मी पहाटे पाचला जातो.
तो माझ्याही आधी आलेला असायचा,
बूट हातात, अनवाणी,
तळव्यांनी दव जोखत मैदानभर.

एलॉय त्याचं नाव. स्पेनचा.
आमच्या प्रतापनगरच्या पोरांनी तिसऱ्या दिवशी
त्याचे अळणीसर करून टाकले.
खाऱ्या समुद्राकाठचा माणूस,
आणि नाव हे असलं.

त्याला मराठी येईना, मला त्याची बोली.
गुजरातीतले दोन शब्द त्याने उचलले होते,
‘चालशे’ आणि ‘बस’.
संसार भागेल इतके ते पुरतात.
बाकीचं गुडघ्यांवर भागलं :
त्याने पँट वर करून टाके दाखवले,
मीही दाखवले.
रेल्वेकडून अकरा वर्षं मी स्टॉपर होतो, माझेही कमी नाहीत.

एकदा चुन्याच्या घमेल्यातच बोट फिरवून
त्याने मला सगळी कारकीर्द सांगितली.
ही खाडी. हा मासळी डब्यात भरायचा कारखाना, इथे बाप.
हे गावातलं मैदान, समुद्राकडे कललेलं.
मग दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये चौदा वर्षं,
चौदा आडव्या रेघा, एकाखाली एक.
गोल किती, मी विचारलं.
तीन बोटं वर झाली.
जरा थांबून त्यातलं एक त्याने खाली घेतलं,
आणि आपल्याच छातीकडे वळवलं.

अडवलेले किती, ते मी विचारलं नाही.
मलाही कधी कोणी विचारलं नव्हतं.

एका रविवारी त्याला काळाघोड्याच्या पुलावर नेला.
खाली विश्वामित्रीच्या गाळात एक मगर पडलेली,
ओंडक्यासारखी, मेल्यासारखी.
बगळा आला, फिरला, अजून जवळ आला.
पाऊण तास हा कठड्याला रेलून,
मी दोन वेळा चहा पिऊन आलो.
बगळ्याचं पुढे काय झालं ते मी पाहिलं नाही.
त्याने पाहिलं.
परतताना त्याने विचारलं, नाव काय?
मी म्हटलं, मगर.

दुसऱ्या दिवशी दर्पण वसावाला, जो चेंडू दिसला की झेप घ्यायचा,
त्याने खांद्याला धरून जमिनीत खिळवला.
मगर, म्हणाला.
पोरगं हसलं. दोन महिन्यांनी हसेनासं झालं.
मग सगळा मोसम दुसऱ्या खुर्चीवरून एकच आरोळी :
मगर! मगर!
इंदूरचा संघ आला होता, त्यांना वाटलं
हा ‘पण, पण’ म्हणतोय,
आणि पुढचं वाक्य काही येत नाहीये.

जानेवारीत पाच हरलो. मोठ्या कोचला नारळ दिला.
शेठ म्हणाले, आता तुम्ही बसा.
हा बसला. आपल्याच खुर्चीत.
पहिली खुर्ची नव्वद मिनिटं रिकामी,
तिच्यावर पोरांच्या पाण्याच्या बाटल्या.
सामना शून्य-शून्य.
लोक चुकचुकत स्कूटरी काढायला गेले,
आणि हा त्या फळ्यावरची दोन शून्यं बघत राहिला,
जत्रेत जुळी मुलं हरवून परत सापडावीत, तसा.

मंगळवारी नवा कोच आला.
त्याच्यासाठी पहिली खुर्ची
अळणीसरांनी स्वतःच्या बाहीने पुसली.
मला राग आला होता. त्याला आला नसावा.
की आला होता, आणि तो तसाच पडून राहिला, गाळात?
ते विचारायला माझ्याकडे दोनच शब्द होते.

मेमध्ये तो गेला. बेचाळीस डिग्री होती.
हार नाही, भाषण नाही,
स्टेशनवर मी आणि दर्पण.
गाडी हलली तेव्हा म्हणाला, बस.

परवा सराव बघत रेघ मारत होतो.
समोरचा फॉरवर्ड नाचत नाचत आत घुसला,
उजवीकडे झुकला, डावीकडे झुकला,
दर्पण हललाच नाही.
हललाच नाही.
आणि मी, साठीचा माणूस, घमेलं हातात,
काय ओरडलो ते सांगायला नको.

चुना सांडला.
पेनल्टी बॉक्सच्या त्या कोपऱ्यात
रेघ जरा जाड झालीय, बघा.