तांत्रिक खंड

लाल पेशी पस्तीस दिवस.
प्लाझ्मा गोठवला तर वर्षभर.
प्लेटलेट्स पाचच, त्याही झुलवत ठेवल्या तर;
म्हणून ते यंत्र रात्रंदिवस हलत असतं
मिरजेच्या आमच्या रक्तपेढीत, खिडकीशी,
आणि नवीन मुलींना मी तेच आधी दाखवते:
हे थांबलं, की मला उठवायचं.

मी अकरा महिने.
मग एक दिवस कोणीच नाही.
मग परत अकरा महिने.
असे सहा आदेश आहेत प्लास्टिकच्या फाईलमध्ये,
प्रत्येकाच्या तळाला तेच वाक्य,
कायम नेमणुकीचा हक्क सांगता येणार नाही,
आणि दरवेळी सही घेताना कोष्टी भाऊसाहेब
तोंडानं उलटं सांगतात:
"करा की ओ. दहा वर्षं झालेल्यांना घेणार म्हणत्यात.
तुमची किती, सहा? मग निम्म्याच्या वर गेली की."

निम्म्याच्या वर.
हे मी घरी आणते,
चपातीसारखं उलटून-पालटून बघते.

विश्रामबागेतल्या लॅबनं मंगळवारपर्यंत विचारलंय.
पहिल्या दिवसापासून कायम. फंड कापणार.
पगार अठराशेनं कमी,
आणि रक्त फक्त तपासायचं,
कोणाला द्यायचं नाही.
नवरा म्हणतो, तुला वाटतं ते कर,
म्हणजे त्याला काहीतरी वाटतंय.
तो कुपवाडला एकाच मशीनवर
तिसऱ्या ठेकेदाराचा माणूस.
मशीन तेच. कार्डाचा रंग बदलतो.

अश्पाकचे आठ आदेश झालेत.
त्याचे वडील गच्चीवर तंबोऱ्याचे भोपळे वाळवतात.
ते म्हणाले, भोपळ्याला घाई चालत नाही, बेटी.
टिचकी मारायची. आवाज आला की खाली घ्यायचा.
अश्पाक म्हणाला, अब्बा, पण भोपळा मधेच एक दिवस
परत वेलाला नेऊन लटकवत नाहीत ना?
आम्ही हसलो.
हसून झाल्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही.

आज तो दिवस.
अंगठा लावला तर हजेरीचं यंत्र मला ओळखणार नाही.
मुलगा शाळेत. भांडी झाली.
साडेदहाला रिक्षा केली आणि रक्तपेढीतच गेले,
चपला बाहेर काढून
दात्यांच्या खुर्चीत बसले.

अश्पाकनं काही न विचारता अर्ज पुढं केला.
नाव. वय. वजन (खरं).
मागचं रक्तदान कधी.
व्यवसाय.
पेन उचललं. ठेवलं.
या रकान्यात मी किती जणांचं लिहून घेतलंय:
हमाल, मास्तर, द्राक्षाचा व्यापारी,
सध्या काही नाही.
हे शेवटचं लिहिताना मी मान वर करत नसे.
"आजचं लिहू का उद्याचं?"
"राहू दे रिकामं," तो म्हणाला. "मूठ आवळा."

साडेतीनशे मिली.
लेबलवर त्यानं तारीख घातली, आजपासून पस्तीस दिवस,
आणि जिथं रोज माझी सही असते तिथं
जरा तिरकी, स्वतःची केली.
त्या खोलीत आज माझी जी काही मुदत होती
ती त्या पिशवीवर होती.

"दहा मिनिटं उठायचं नाही,"
माझंच वाक्य, माझ्याच दटावणीच्या सुरात.
चहा आला. बिस्किटाचा पुडा, अर्धा.
पर्समध्ये फोन वाजत राहिला, विश्रामबागेचाच असणार,
आणि दारातून कोष्टी भाऊसाहेब डोकावले,
हातात सातवा कागद:
"अरे, मॅडम, हितंच हाय व्हय तुम्ही?
बरं झालं. उद्याची सही आजच करून टाका."

खिडकीशी यंत्र हलत होतं.
डावा हात दुमडलेला, उजव्यानं कापूस दाबलेला.
घड्याळ बघितलं.
"थांबा," म्हटलं,
"अजून सहा मिनिटं आहेत माझी."