हातचा एक

माइल्स सिटीपासून साठ मैल, त्यातले शेवटचे अकरा कच्चे.
कुंपण, मेंढ्या, पुन्हा कुंपण,
मग पत्र्याची टपालपेटी. ओडगार्ड.
आडनावातल्या ‘ओ’च्या बरोब्बर पोटात एक भोक.
“लायलचं काम,” व्हर्ना दारातूनच म्हणाली,
“पैजेवर. पैज कुणाशी, ते मला विचारू नकोस.”

यंत्र तळघरात होतं.
बावीस वर्षं मी ह्याच्या नुसत्या अफवा गोळा केल्या होत्या.
हिरवा रंग; तळवा टेकतो तिथं रंग नाहीच,
पाऊलवाटेसारखं झिजलेलं लोखंड.
बुडाशी ठोकलेला आकडा : एक्केचाळीस.
दोनशेही निघाली नाहीत असली. कारखाना दोघा भावांचा,
पटेना, म्हणून धाकट्यानं साचे नदीत फेकले म्हणतात.
सांगणारा बदलला की नदीही बदलते.

घरी माझ्याकडे एकोणीस आहेत.
बायको त्यांना पाहुणे म्हणायची :
जेवत नाहीत, जातही नाहीत.

दांडा ओढला.
गोठलेलं तेल कुरकुरलं, सैलावलं,
ताटली एक घर सरकली, टक्,
आणि समोर येऊन उभं राहिलं
एक अर्धं काडतूस.
टोपी बसवलेली. दारू नाही. शिसं नाही.

खिळ्याला सुतळीनं टांगलेली वही.
तारीख, तापमान, वारा कुठला,
सगळं टोकदार पेन्सिलीनं.
शेवटची ओळ : ४९. जेवायला हाक.

“मीच मारली ती हाक,” व्हर्ना म्हणाली.
“बटाट्याचं सूप होतं. वर आला, हात धुतले, आणि”
वाक्य तिनं तिथंच ठेवलं,
साबणाच्या ओल्या वडीसारखं.
मग म्हणाली, “चौऱ्याऐंशीपासून थेंबाला शिवला नाही.
दारू म्हणून ही कोरडीच काय ती उरली होती त्याला,
काट्यावर, दाणा दाणा मोजून.”

खिशात चारशे डॉलर होते, दुमडलेले,
आणि तोंडाला कुलूप.
येताना अकरा मैल धूळ खात मी तेच ठरवलं होतं :
किंमत तिनं सांगायची, मान आपण हलवायची.

पितळ काही विसरत नाही.
दर बाराला जरासं लांबतं, जरासं ताठरतं,
शेवटी गळ्याशी केसाएवढी चीर.
लोक म्हणतात, अमक्याचं पितळ उघडं पडलं.
मी जन्मभर भिंगाखाली उघडंच पितळ पाहिलं,
त्यात खोट नव्हती कुठं. वापर होता.
खोट त्या तळघरात उभी होती,
माझे बूट घालून.

सांगितली. खरी किंमत, तीन हजारांवरची.
आवाज घोगरा आला.
व्हर्ना बराच वेळ वहीकडे बघत राहिली.
“चारशेच दे,” म्हणाली,
“पण फळीवर बसवू नकोस त्याला. राबव.
आणि ते आहे तसं राहू दे.”

दोघांनी मिळून जिना चढवलं.
ती अठ्ठ्याहत्तरची, यंत्र त्रेसष्टचं,
सगळ्यात जास्त मीच धापलो.

आता घरी, खिडकीपाशी, हा विसावा.
ताटलीतलं ते घर मी सोडून देतो,
बाकीच्या घरांत काम चालतं :
टक्, दाण्यांची बारीक सर, टक्,
शिशाचं बोट पितळेच्या ओठावर.
घाई केली की दांडा अडतो. बरोबर करतो.
शनिवारी पावडर नदीकाठच्या चांदमारीवर जातो,
वारा बहुतेक उलटाच असतो,
नेम कधी लागतो, कधी टेकडी खाते.
रिकामी पितळं गरम असतानाच वेचतो, टोपीत.

वहीत त्याच्या ओळीखाली माझ्या ओळी लागल्या आहेत,
अक्षर वाकडं, पेन्सिल बोथट.
तारीख. थंडी. वारा.
एकोणपन्नास,
हातचा एक.