कारणाचा रकाना

पाठकोरा कागद.
पुढच्या बाजूला म्हशींच्या लसीकरणाचा तक्ता,
मागच्या बाजूला आम्ही:
दोन रात्री, तीन माणसं,
कोसमडोंगरी, वरची बोडी.

इस्तारी माझाच चष्मा लावून वाचतो,
ओठ हलवत,
ओळीवर बोट फिरवत,
जाळ्यातला फाटका डोळा शोधावा तसं.

"स्टोव्ह कायले?"
लाकडं ओली असली तर?
"पौषात?"
खोडला स्टोव्ह.

ताडपत्री राहू दिली.
धान चुरून झालं की ती मोकळीच.
तिचा उंदरांनी खाल्लेला कोपरा
पायाशी घ्यायचा, उशाशी नाही,
हेही लिहिलं.
चादरी तीन. टॉर्च दोन.
दुर्योधनसाठी फटाक्यांची एक लड,
कारण अस्वलाला तो घाबरतो
आणि अस्वल कशाला घाबरतं हे कोणालाच ठाऊक नाही.

बॅग माझी. कंपनीनं दिलेली, जंताच्या औषधाची,
तिच्यावर हसणारी म्हैस.
"म्हंजे डोंगर म्हसच चढनार," दुर्योधन म्हणाला.
राईस मिलच्या काट्यावर ठेवून पाहिली:
अकरा किलो सातशे.
हमालानं विचारलं, कोणतं धान?

इस्तारीची पिशवी काट्यावर ठेवली
तर काटा हललाच नाही नीट.
एक लुंगी, एक डबा,
दोऱ्याचं रीळ,
आणि माचिसच्या पेटीत कापसात ठेवलेली
एकच गरी.

एकच?
तलावात तू पोत्यानं मासे काढतोस, इस्तारी.
तीस वर्षं संस्थेचं जाळं ओढलंस,
पहाटे छातीएवढ्या पाण्यात,
बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडेपर्यंत.
एक जाळं घे की लहानसं.
मरळ लागेल, वागूर लागेल,
तीन माणसांचं पोट आहे.

तो गरी पेटीत ठेवतो परत.
बराच वेळ पेटी मिटत नाही.
"पान्याच्या काठावर बसून
पान्याकडं पाह्यलं नाई मी कधी,"
म्हणतो.
"आतच राह्यलो."

मग मीच खोडलं जाळं,
जे त्यानं सांगितलंच नव्हतं
आणि मी आधीच लिहून ठेवलं होतं.

वाट अशी:
नाक्यापर्यंत दुर्योधनचा ट्रॅक्टर.
पुढं नाल्यानाल्यानं, मोहाच्या तीन झाडांपाशी डावीकडं,
तिथून चढ.
चढ किती? इस्तारी म्हणतो, दोन बिड्यांचा.
मी बिडी ओढत नाही.
मग तुले चार, म्हणतो.

सायत्रा आली, यादी बघितली,
म्हणाली, खायचं कुठं आहे ह्यात?
मी म्हटलं, मासे.
ती आत गेली,
लाखोळीची डाळ बांधून आणली पदराच्या चिंधीत,
तांदूळ वेगळे, मिठाची पुडी वेगळी.
"हे लिहू नका," म्हणाली,
"मासे वाचतात."

शिदोड शेवटच्या संध्याकाळी काढायचे,
दवाखान्यामागं, जिथं नळ गळतो.
ते मात्र लिहिलं, दोनदा अधोरेखित,
कारण मागच्या वर्षी तेच विसरलो
आणि त्याआधीच्या वर्षी सुटी,
आणि त्याच्याही आधी लसीकरण आलं.
चार वर्षांचे चार कागद आहेत माझ्याकडं,
चारींवर कोसमडोंगरी,
अक्षर तेवढं बदलत गेलेलं.

आता एकच राहिलं.
नाक्यावर वही असते वनखात्याची.
नाव, गाव, माणसं किती,
आणि शेवटचा रकाना: कारण.
दुर्योधन म्हणतो, लिही देवदर्शन, कोणी विचारत नाही.
मी म्हटलं, वर देव कुठं आहे?
"मंग बोडी आहे ना," इस्तारी म्हणाला,
आणि चष्मा काढून
माझ्या हातात दिला.

शनिवारी पहाटे साडेचार.
काच पुसतो आहे मी.
दोऱ्याचा वास लागलाय तिला,
जुन्या, ओल्या दोऱ्याचा.