खरखर

जावयानं खोकं टेबलावर ठेवलं तेव्हा
मी सौंदलगेकरणीच्या ब्लाऊजला हुक लावत होते.
"आत्या, हा डिजिटल. खरखर बंद."
किंमत विचारली तर नुसता हसला,
म्हणजे पाच हजारांच्या पुढं.
चार दिवस ठेवून बघा, म्हणाला,
नको वाटला तर दुकानदार ओळखीचा आहे.

चार दिवसांचे आज अकरा झाले.

जुना मशीनच्या डाव्या हाताला असतो, बत्तीस वर्षं,
रेक्झिनच्या कव्हरात. हे कव्हर चौथं.
मोटर लावली की भुंग्यासारखा गुणगुणतो,
म्हणून बातम्यांना मी पट्टा उतरवून पायानं चालवते.
हे म्हणतात, तुझे गुडघे त्या बातम्यांनीच खाल्ले.

नवा चांगला आहे हो. खोटं कशाला बोलू.
काल बातम्या देणाऱ्या बाईनं पान उलटलं
तेही ऐकू आलं,
आणि वाक्याआधी घेतलेला श्वास.
इतक्या वर्षांत मनातच आलं नव्हतं
की बाजारभाव सांगताना कुणाला दम लागत असेल.

पडद्यावर स्टेशनचं नाव उमटतं, इंग्रजीत.
हुक्केरीच्या वाटेवर एकाच पाटीला
दोनदा डांबर फासलेलं पाहिलंय मी,
एकदा ह्या अक्षरांवर, एकदा त्या.
ह्या पडद्यावर भांडायला कुणाला काही ठेवलंच नाही.

पण संध्याकाळी सातनंतर, जुन्यावर,
सांगली पातळ होत जाते
आणि खालून धारवाड वर येतं,
वरच्या कापडातून अस्तराचा रंग दिसावा तसं.
कांद्याचा भाव मराठीत सुरू होतो
आणि कन्नडमध्ये संपतो.
मला दोन्ही कळतं, मल्लव्वालाही,
तरी ती भिंतीपलीकडून ओरडते,
"एष्ट अंदा, अक्का?"
आणि मी तिला सांगते, वर पाच रुपये वाढवून.

नव्यावर एका वेळी एकच येतं. स्वच्छ.
दुसरं हवं तर बटण दाबायचं,
म्हणजे आधी ठरवायचं.

पत्र्यावर वारा चढला की तो बोलता बोलता थांबतो.
शब्द अर्धा राहतो, मग तोच माणूस
काही झालंच नाही अशा आवाजात पुढचं बोलतो.
जुना आजारी पडतो.
हा मरतो आणि परत येतो.

परवा गच्चीवर मिरची घातली होती, दोन पोती.
आभाळ निळं, हे पेपर तोंडावर घेऊन आडवे.
जुन्यात कडकड सुरू झाली,
तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तशी.
म्हटलं, गडहिंग्लजकडं वीज पडूलालीय, उठा.
म्हणाले, येड लागलंय काय गं तुला.
शेवटचं गोणपाट आत ओढलं
आणि मागून टपोरे थेंब आले.
नवा तेव्हा बासरी वाजवत होता. फार गोड.

महांतेशला बोलावलं.
त्यानं जुन्याची पाठ उघडली, धूळ फुंकली,
"अक्का, ही कॉईल आता हुबळीतबी मिळेना.
एवढ्या डाव बसवतो. फुडं मला विचारू नका."
मग नवा मांडीवर घेऊन बसला बराच वेळ,
कुठून उघडतो ते चाचपत.
स्क्रूच नव्हते.
चहा न पिता गेला.

आज जावयाचा फोन, काय ठरलं आत्या?
बघूलालेय की अजून, म्हटलं.

मापं घेऊन ठेवलीयत.
लांबी नऊ, उंची साडेपाच,
वर एरियलला भोक, कडेला नाडी.
मरून रेक्झिनचा तुकडा उरलाय, पुरेल.
खडूच्या रेघाही मारल्यात.
कात्री अजून लावलेली नाही.