यादीत नसलेलं साल

मोनाली टेकाम आली तेव्हा
लाइट नुकतीच परतली होती.
प्रिंटरनं एक कोरा कागद उगाच बाहेर टाकला,
टाकतो तो तसा. सवय आहे त्याला.

"दिवाकरदादा, थ्या विज्ञानाच्या कॉलेजचा फॉर्म."

मी पान उघडलं. नाव. आईचं नाव.
जात प्रमाणपत्राचा नंबर, वैधता आहे की नाही.
आधारावर मोनाली, मार्कशीटवर मोनाली,
टीसीवर मोनाबाई.
तेही जमवलं. प्रतिज्ञापत्राचा नमुना
माझ्या ड्रॉवरमध्ये कायमचा असतो.

मग आलं, बारावी पास झाल्याचं वर्ष.
बाण दाबला. खाली दोनच सालं उघडली,
हे आणि गेलं.
तिचं साल त्याच्या आदलं.

मी माऊस वर नेला, खाली नेला,
जसं काही ते साल
चौकटीच्या काठाला कुठं
चिकटून बसलं असेल.

"काऊन, नेट गेलं का?"
नेट होतं. नेमकं त्या दिवशी होतं.

कलम चार मोठ्यानं वाचून दाखवलं.
दोनच संधी, त्याही लागोपाठच्या.
अर्ज करून परीक्षेस न बसल्यास
संधी वापरली असे समजण्यात येईल.

ती बोटांवर मोजायला लागली.
"पयल्या साली तं मले मालूमच नव्हतं
असं कॉलेज असते म्हून.
थे बी मोजते का?"
मोजते.
"दुसऱ्या साली पहाटची गाडी
जामच्या चौफुलीवर बंद पडली.
नागपूरचं गेट नऊले लागलं,
मी नऊ वीसले पोचली."
तेही मोजते, बाई.

मला सांगता आलं असतं
की मीही एका भरतीत बाद झालो,
छातीत नाही, धावण्यात नाही,
वयात. सतरा दिवसांनी.
पण ते ऐकून
कोणाचं साल परत येत नाही.

फीचे पैसे काढायला
तिनं पिशवीतून आधी वही काढली.
वही टेबलावर उघडी पडली.

शाळेजवळचा पंप. विहारामागचा पंप. पोडावरची विहीर.
त्याखाली पोरांची नावं, एकूण त्रेचाळीस,
आणि प्रत्येकाचे दात.
कोणाचे पांढरे, कोणाचे खडूसारखे,
कोणाच्या पुढच्या दोघांवर
चहाच्या डागासारख्या आडव्या रेघा.
एका पानावर दोन भाऊ.
धाकटा इथला, रेघा.
मोठा मामाकडं वाढलेला, पांढरे.
खाली तिनं दोनदा अधोरेखित केलेलं,
आई एक. पंप दोन.

"हे कोणी सांगतलं करायले?"
"कोणी कायले सांगन?"

मी पुन्हा पडद्याकडं वळलो.
फोटो पन्नास केबीच्या आत,
सही वीसच्या आत.
त्रेचाळीस तोंडांसाठी
रकाना कुठंच नव्हता.

पान बंद करताना त्यानं विचारलं,
तुम्ही नक्की बाहेर पडू इच्छिता?
भरलेली माहिती जतन होणार नाही.
मी 'होय' दाबलं.
मीच दाबलं, तिला दाबू दिलं नाही.

तिनं पैसे परत रुमालात बांधले.
उठेल असं वाटलं,
उठली नाही. माझ्याकडं पाहत राहिली,
म्हणजे माझ्या ओठांकडं.

"दादा, लहानपणी तुमी
कोण्या पंपाचं पाणी पेत होते?"

हसताना हात तोंडावर न्यायची सवय
मला नववीपासूनची.
या गावात कोणी विचारलं नव्हतं,
बायकोनंही नाही.

"शाळेजवळचा," म्हणालो.
"तोंड उघडा. मोबाइलचा लाइट धरा जरा."

बाहेर बँक-आधारवाले खाकरत होते.
कोणीतरी म्हणालं, किती वेळ हो.
तिनं वहीत चव्वेचाळीस लिहिलं, पेन थांबलं.
"वय?"
चौतीस, असं मी उघड्या तोंडानं
जमेल तसं म्हणालो.

तिनं लिहून घेतलं.
काही म्हणाली नाही.